हाक ऐकू येते, मग बोलणं का कळत नाही?

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत प्रेसवर किंवा पॉलिशला असणाऱ्यांच्या घरच्यांची एक ठरलेली तक्रार असते: ‘हाक मारली की ओ देतात, पण बोललेलं भलतंच ऐकतात.’ याला वेंधळेपणा समजून रागावू नका, कान तपासून घ्या. सततच्या आवाजाने आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात आणि पहिला फटका बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपास बसतो. त्यामुळे हाक पोचते, पण ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज गळतात.

डॉक्टर आधी ५१२ हर्ट्‌झचा नादकाटा वाजवून कानासमोर आणि कानामागच्या हाडावर धरतात. दोष पडदा-मळाचा की आतल्या नसेचा, याचा अंदाज त्यावरून येतो. पण ऐकणं नेमकं किती घटलंय, हे ऑडिओमीटरच सांगतो. बंद खोलीत हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्‌झचे सूर ऐकवतात. सूर अगदी पुसट वाटला तरी बटण दाबायचं. तपासणाऱ्याच्या हाताकडे बघून अंदाज मात्र बांधायचा नाही. आलेखावर लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. साधारण २५ डेसिबलपर्यंत ऐकणं ठीक. आवाजाने बिघडलेल्या कानाची रेघ ४००० पाशी खड्ड्यात उतरते आणि ८००० ला थोडी सावरते. हा खड्डा घरच्यांना तक्रार जाणवण्याच्या कितीतरी आधी दिसतो, म्हणून माझा आग्रह आहे की मशीनवर काम करणाऱ्याने वर्षातून एकदा ही तपासणी करावीच.

पाळीवरून सुटून थेट जाऊ नका. दमलेला कान काही तास कमीच ऐकतो. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जाण्याआधी जा. मळ असेल तर आधी डॉक्टरांकडून काढून घ्या. रस्त्यालगतच्या उघड्या दुकानातली किंवा मोबाइलवरची चाचणी धरून चालू नका. वांद्रे रेक्लमेशनला १९८३पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे, आणि लोकलने तिथे जाणं अवघड नाही. बटण दाबू न शकणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी ओएई आणि बेरा या चाचण्या असतात. बाळाची पहिली तपासणी महिन्याच्या आत व्हायला हवी.

मेलेल्या पेशी औषधाने परत येत नाहीत. कापसाचा बोळा पुरत नाही, मालकाकडे इअरप्लग किंवा इअरमफ मागा. आणि आलेखाचा कागद फेकू नका, पुढच्या वर्षी तो सोबत न्या.