रिपोर्ट हातात आला, पण रक्त कोणत्या हातातलं?

रात्रपाळीचा ओव्हर घेत होते. जुलाब-उलट्यांनी गळून गेलेल्या एका आजींचा रिपोर्ट तेवढ्यात लॅबमधून आला. पोटॅशियम ६.६. रेसिडेंट डॉक्टर घाईने म्हणाले, "सिस्टर, कॅल्शियम ग्लुकोनेट आणि इन्सुलिन-डेक्स्ट्रोज काढा."

आकडा खरा असता तर ऑर्डर अगदी बरोबर होती. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं. ते एवढं चढलं तर हृदयाची लय बिघडू शकते. कॅल्शियम हृदयाला सांभाळतं आणि इन्सुलिन पोटॅशियमला रक्तातून पेशींत ढकलतं. पण आजींचं पोटॅशियम सकाळी कमी होतं. म्हणून तर उजव्या हाताला डीएनएसच्या बाटलीत पोटॅशियम क्लोराईड घालून हळूहळू चालू होतं. लघवी नीट होत होती, जुलाब थांबले नव्हते. मग काही तासांत पोटॅशियम एवढं वर कसं जाईल?

रिपोर्ट वरपासून खालपर्यंत वाचला. त्यातच साखर ५९०! आजींना मधुमेह नव्हता. बोटाला ग्लुकोमीटर लावला, तर ११८.

"डॉक्टर, साखर जुळत नाही. सॅम्पल सलाईनच्या हातातून घेतलंय का, विचारू का?"

विचारलं. डाव्या हाताची नस सापडेना, म्हणून संध्याकाळी उजव्याच हाताला, इंट्राकॅथच्या वरच्या बाजूला सुई टोचली होती. सलाईन चालूच होतं. डॉक्टरांनी इसीजी काढला. पोटॅशियम चढल्यावर दिसतात तशा टी लहरी उंच नव्हत्या, उलट चपट्या होत्या. डाव्या हातातून पुन्हा रक्त काढून पाठवलं. पोटॅशियम आलं २.९. आधीच कमी असलेलं पोटॅशियम इन्सुलिनने आणखी खाली नेलं असतं, आणि तेही हृदयाला तितकंच घातक.

लॅबचं काही चुकलं नव्हतं. जे रक्त गेलं, त्याचाच हिशेब आला. तो हिशेब आपणही मांडून पाहू. ५०० मिलीच्या बाटलीत २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम म्हणजे लिटरला ४०. डीएनएसमध्ये ५ टक्के ग्लुकोज, म्हणजे १०० मिलीत ५ ग्रॅम. सॅम्पलमध्ये असं सलाईन दहावा हिस्सा जरी मिसळलं, तरी साखर सुमारे पाचशेने आणि पोटॅशियम सुमारे पावणेचारने फुगतं.

तेव्हापासून वॉर्डात येणाऱ्या नव्या मुलींना मी एकच सांगते. औषध, प्रोसिजर आणि तपासणी ही पुस्तकात तीन वेगळी प्रकरणं असतात, पेशंटच्या शरीरात ती एकमेकांत मिसळतात. म्हणून कुठलाही आकडा वाचताना तो कुठून आला हे आधी विचारा.

रक्त काढताना सलाईनचा हात सोडून दुसरा घ्या. दुसरा मिळतच नसेल तर डॉक्टरांना विचारून सलाईन काही मिनिटं बंद ठेवा, इंट्राकॅथच्या खालच्या बाजूने रक्त घ्या, पहिलं थोडं रक्त टाकून द्या आणि फॉर्मवर तसं लिहा. टुर्निके फार वेळ आवळून ठेवू नका, पेशंटला मूठ सारखी उघड-मीट करायला लावू नका. रक्त बारीक सुईतून जोराने बल्बमध्ये ढकलू नका, बल्ब खळखळ हलवू नका. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए बल्बमधलं रक्त दुसऱ्या बल्बमध्ये ओतू तर नकाच. त्यातल्या औषधातच पोटॅशियम असतं, त्यामुळे पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं.

पोटॅशियम क्लोराईडचं १० मिलीचं ॲम्प्यूल बहुधा २० मिलीइक्विव्हॅलंटचं असतं, तरी लेबल वाचाच. ते थेट शिरेत कधीच द्यायचं नाही, हृदय थांबू शकतं. टांगलेल्या बाटलीत टोचून तसंच सोडलं तर ते तळाशी बसतं आणि पहिल्या धारेलाच एकवटून जातं. बाटली खाली काढा, औषध घाला, उलटी-सुलटी करून मिसळा, मगच लावा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे जे नऊ उपाय सांगितले, त्यांत अशा तीव्र द्रावणांवर नियंत्रण हा एक होता. ही ॲम्प्यूल्स इतर इंजेक्शनांच्या ट्रेमध्ये ठेवू नका.

इन्सुलिनचंही तेच. आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची अशा दोन्ही वायल मिळतात. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. १०० च्या वायलमधून लाल टोपणाच्या सिरिंजने '१० युनिट' भरले तर पेशंटला जातात २५. घरी सोडताना नातेवाइकांच्या हातात वायल आणि सिरिंज दोन्ही देऊन त्यांच्याकडून एकदा भरून घ्या.

डॉक्टरांना शंका सांगायला कचरू नका, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. "मला बरोबर वाटत नाही" एवढंच म्हटलं तर घाईत ते हवेत विरतं. नाडी, साखर, चालू सलाईन, सॅम्पलची वेळ सांगा. तोंडी ऑर्डर असेल तर औषध, डोस आणि मार्ग मोठ्याने परत म्हणून दाखवा. मात्र इसीजीत बदल दिसत असतील तर दुसऱ्या रिपोर्टसाठी उपचार अडवू नका. आणि इसीजी चांगला आहे म्हणून पोटॅशियम चढलेलंच नाही असंही धरून चालू नका. तो निर्णय डॉक्टरांचा, त्यांना लागणारी माहिती पुरवणं आपलं काम.

आणि ओव्हर देताना "पेशंट स्टेबल" एवढ्यावर थांबू नका. सलाईन कोणत्या हाताला, त्यात काय घातलंय, रक्त कधी आणि कुठून काढलं, कोणता रिपोर्ट यायचाय, हे बेडजवळ उभं राहून सांगा आणि केस पेपरवर लिहा.