ऑपरेशनच्या आधीची फाईल

लठ्ठपणावर शस्त्रक्रिया करून घ्यायचं ठरलं की घरात दोन प्रश्न उभे राहतात: जिवाला धोका किती आणि पैसे किती. पहिल्याचं उत्तर सर्जन नीट समजावून सांगतात. दुसऱ्याचं उत्तर पॉलिसीच्या कागदांत असतं आणि ते आपल्यालाच शोधावं लागतं. माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, विम्यातून झाली. वजनाने आणि मधुमेहाने बेजार झालेल्या कुणालाही केवळ पैशांच्या धास्तीने मागे फिरावं लागू नये, म्हणून या वाटेवर कळलेल्या गोष्टी क्रमाने लिहिते आहे.

१. सर्जनची वेळ घ्याल त्याच आठवड्यात पॉलिसी वाचा

एजंटने दिलेलं रंगीत माहितीपत्रक पुरत नाही. अटी-शर्तींची पूर्ण प्रत मागा आणि वगळलेल्या बाबींमधलं सहा क्रमांकाचं, लठ्ठपणा आणि वजन नियंत्रणाचं कलम काढा. विमा नियामक इर्डाने २०१९ मध्ये अशा कलमांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. वरवर वाचलं तर तिथे नकारच दिसतो आणि बरेच जण तिथेच पान मिटतात. सावकाश वाचलं की कळतं, दिलेल्या अटी पूर्ण होत नसतील तरच हा खर्च वगळलेला आहे. अटी पूर्ण असतील तर या कलमावर बोट ठेवून नकार देता येत नाही. या शस्त्रक्रियेसाठी वेगळी कमाल रक्कम घातली आहे का, तेही त्याच बैठकीत पाहून घ्या.

२. अटी पाठ असू द्या

डॉक्टरांचा सल्ला हवा, शस्त्रक्रिया प्रचलित वैद्यकीय कार्यपद्धतीला धरून हवी, वय १८ पूर्ण हवं आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ४० किंवा त्याहून जास्त हवा. बीएमआय ३५ ते ४० च्या मध्ये असेल तर सोबत चारपैकी एक गंभीर आजार लागतो: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. शिवाय वजन कमी करण्याचे साधे उपाय आधी करून झालेले असावे लागतात. पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी ३५ चा बीएमआय साधारण ९० किलोला येतो आणि ४० चा १०२ किलोच्या थोडा पुढे.

गुडघेदुखी, पीसीओडी, मूल न राहणं या यादीत नाहीत. माझे गुडघे जिना चढू देत नव्हते, तरी माझा दावा उभा राहिला तो मधुमेहावर. सर्जनांचे निकष याहून सैल आहेत. २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या दोन मोठ्या संघटनांनी ३५ च्या पुढे कोणत्याही सहव्याधीशिवाय शस्त्रक्रियेची शिफारस केली आणि आशियाई लोकांसाठी ही रेघ २७.५ वर आणली. विम्याचं कलम मात्र १९९१ च्या अमेरिकी निकषांच्याच वळणावर आहे. त्यामुळे सर्जन ‘तुम्ही पात्र आहात’ म्हणाले, तरी ‘विम्याच्या अटींतही बसते का?’ हे वेगळं विचारा. ही तफावत रुग्णांवर अन्याय करणारी आहे आणि ती दूर व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

३. पहिल्याच भेटीत वजन आणि उंची लिहून घ्या

शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा, बहुतांशी पातळ आहार देतात. त्याने यकृत आकसतं आणि दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते. या काळात वजन भराभर उतरतं आणि रेघेवरचा माणूस रेघेखाली जाऊ शकतो. म्हणून तारीख, वजन, उंची, बीएमआय आणि डॉक्टरांची सही असलेला पहिला ओपीडीचा कागद जपून ठेवा. आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, वजनाच्या औषधांची प्रिस्क्रिप्शन्स, जिमच्या पावत्या हे सगळं त्याच फाईलमध्ये. साधे उपाय करून झाले, याचा दुसरा पुरावा आपल्याकडे नसतो.

४. आजार आकड्यांत दाखवा

‘शुगर आहे’ एवढं पुरत नाही. औषधं चालू असतानाही ती आटोक्यात येत नाही, हे दिसायला हवं. त्यासाठी काही महिन्यांच्या अंतराने केलेल्या एचबीए१सी चाचण्यांचे अहवाल आणि त्या त्या वेळची प्रिस्क्रिप्शन्स एकत्र लावा. घोरण्याची तक्रार असेल तर स्लीप स्टडी करून घ्या. तासाला ३० किंवा अधिक वेळा श्वास अडत असेल तर तो तीव्र स्लीप ॲप्निया. सर्जनच्या पत्रात निदान पहिल्या ओळीत येऊ द्या. नुसतं ‘वजन कमी करण्यासाठी’ असं लिहिलेलं पत्र दाव्याला कमकुवत करतं.

५. प्रतीक्षा काळ मोजा आणि आजार लपवू नका

आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा ठेवता येतो. २०२४ पूर्वी तो ४८ महिन्यांपर्यंत असायचा. बऱ्याच पॉलिसींत या शस्त्रक्रियेलाही प्रतीक्षा काळ असतो. नोकरीतल्या गट विम्यात तो कधीकधी माफ असतो, म्हणून तुमच्या किंवा नवऱ्याच्या कंपनीच्या एचआरला लेखी विचारा. विमा कंपनी बदलायची तर पॉलिसी पोर्ट करा, म्हणजे झालेली वर्षं वाया जात नाहीत. प्रस्ताव अर्जात मधुमेह आणि वजन खरं लिहा. लपवलेला आजार दावा बुडवायला पुरतो.

६. खोली निवडताना थांबा

पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा असेल आणि आपण महागडी खोली घेतली, तर कपात फक्त भाड्यात होत नाही. सर्जनच्या फीपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत अनेक खर्चांना त्याच प्रमाणात कात्री लागते. खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि स्टेपलर व त्याच्या कार्ट्रिजचा आकडा त्यात वेगळा मागा. या शस्त्रक्रियेत तो मोठा असतो.

७. क्वेरी आली म्हणून घाबरू नका

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेची पूर्वपरवानगी काही दिवस आधीच पाठवा. इर्डाच्या २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. माझ्या प्रकरणात क्वेरी आली, ‘आधीच्या उपचारांचे कागद द्या.’ फाईल तयार होती, हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरून, म्हणजे विम्याची कागदपत्रं पाहणाऱ्या खिडकीवरून, ती लगेच गेली.

कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा संपला, असं नाही. स्वतः बिल भरून नंतर परतफेड मागता येते. दावाच नाकारला तर कलमासह लेखी कारण मागा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात.

८. विम्यापलीकडचा खर्च आधीच धरा

बी १२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि नियमित रक्त तपासण्या आयुष्यभर लागतात. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत आणि शाकाहारी घरात त्याची आखणीच करावी लागते. वजन उतरल्यावर लोंबणाऱ्या त्वचेची शस्त्रक्रिया सहसा कॉस्मेटिक ठरवून विमा नाकारतो. भरती होण्याआधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांची बिलं मात्र अनेक पॉलिसींत मिळतात, ती सांभाळा.

९. घरच्यांना फाईल वाचू द्या

सासूबाई म्हणायच्या, “अगं, तोंडावर जरा ताबा ठेव, पोट कापायची काय गरज?” त्यांना काळजी होती, म्हणून मी वाद घातला नाही. सर्जनकडे त्यांनाही घेऊन गेले. लठ्ठपणा हा आजार आहे, भूक आणि तृप्तीचे संदेश देणारी संप्रेरकं त्यात बिघडलेली असतात, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर त्यांनी स्वतःच माझ्या औषधांचं वेळापत्रक हातात घेतलं.

या आजाराबरोबर लाज येते आणि लाजेपोटी माणूस हक्काचं मागतानाही खाली बघतो. हप्ता तुम्ही भरला आहे, अटी छापील आहेत, त्या पूर्ण होत असतील तर कुणी उपकार करत नाही. आजच कंपनीला मेल करून पॉलिसीची पूर्ण प्रत मागवा आणि या आठवड्यात डॉक्टरांकडे वजन-उंचीची नोंद करून घ्या. फाईलमधले पहिले दोन कागद हेच.