हसविणाऱ्याचे दुःख : विदूषक ते सोंगाड्या

सर्वांना हसविणारा माणूस स्वतः मात्र दुःखी असतो, ही कल्पना जगभरच्या कलापरंपरेत आढळते. लंडनचा विख्यात विदूषक जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) याच्याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. उदासीने ग्रासलेला एक रुग्ण वैद्याकडे जातो. वैद्य त्याला ग्रिमाल्डीचा खेळ पाहण्याचा सल्ला देतो. तेव्हा रुग्ण उत्तरतो, ‘तो ग्रिमाल्डी मीच!’ फ्रेंच चित्रकार वातो याने रंगविलेला पांढऱ्या वेशातील ‘पिएरो’ही असाच, हात खाली सोडून, गर्दीत एकटा उभा आहे.

आपल्याकडील संस्कृत नाटकांत विदूषक हा राजाचा किंवा नायकाचा मित्र असतो. तो ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो आणि खादाडपणामुळे हास्यास्पद ठरतो. परंतु शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील मैत्रेय निराळा आहे. चारुदत्त दरिद्री झाल्यावरही तो त्याला सोडत नाही. पुढे न्यायसभेतील झटापटीत वसंतसेनेचे दागिने त्याच्याच काखेतून खाली पडतात आणि मित्राविरुद्धचा पुरावा ठरतात. ज्याने हसवावयाचे, त्याच्याच हातून मित्रावर मरणप्रसंग ओढवतो.

मराठी मुलखातील विदूषक म्हणजे तमाशातील सोंगाड्या. गण आणि गवळण झाल्यावर बतावणीत व वगात त्याची हजरजबाबी वाणी रंगते. दादू इंदुरीकर यांनी ‘गाढवाचं लग्न’ या वगनाट्यातील सावळ्या कुंभार अजरामर केला. राजाला व सरदाराला भर फडात चिमटा काढण्याची मुभा सोंगाड्याला असते. मात्र तमाशा कलावंतांपैकी पुष्कळजण महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतून आलेले होते. रात्री ज्याच्या विनोदाला गावाने टाळ्या दिल्या, त्याला सकाळी त्याच गावाच्या पाणवठ्यावर मज्जाव असे. सोंगाड्याचे दुःख केवळ मनाचे नव्हते. त्याला सामाजिक कारण होते.

हे कारण आंबेडकरी जलशांनी ओळखले. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकारी जलसाकारांनी तमाशाचाच साचा घेतला, पण त्यातील शृंगार वगळून प्रबोधन आणले. विनोदी पात्र अस्पृश्यतेला, अंधश्रद्धेला व व्यसनांना प्रश्न विचारू लागले. लोक ज्याला हसत होते, तोच आता अन्यायाचे हसे करू लागला. या परंपरेतील हे फार मोठे स्थित्यंतर होय.

पुढे १९९२ साली जब्बार पटेल यांच्या ‘एक होता विदूषक’ या चित्रपटात लक्ष्मीकांत बेर्डे यांनी तमाशातून आलेल्या आबुरावाची भूमिका केली. पटकथा पु. ल. देशपांडे यांची होती. साऱ्या महाराष्ट्राला हसविणाऱ्या त्या नटापुढे स्वतःच्या लहान मुलीला हसविण्याचे आव्हान उभे राहते. प्रसिद्धी आणि सत्ता तेथे उपयोगी पडत नाहीत.

या अभ्यासातून आपण काय घ्यावे? वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीत सर्वांना हसविणारा एखादा मुलगा असतोच. माजी विद्यार्थ्यांना आपापल्या तुकडीतील तो आजही आठवत असेल. त्याच्या नकलांना आपण मनापासून दाद दिली. पण दिवे मालवल्यावर त्याला घरची आठवण येते का, सुटीत त्याला न्यायला कोणी येते का, हे कितीजणांनी विचारले? पालकांनी आणि शिक्षकांनी अशा मुलाच्या विनोदाला हसावे. मात्र हसून झाल्यावर त्याच्याजवळ क्षणभर बसावे आणि त्याची विचारपूस करावी. हसविणाऱ्यालाही ऐकणारा माणूस हवा असतो.