अडीच गुंठ्यांची बाग आणि हिवाळ्याची तयारी

माझ्याबरोबर नर्सिंगचा डिप्लोमा केलेली एक मैत्रीण इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात राहते. तिथे वृद्धांच्या सेवाकेंद्रात ती काम करते. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी तिचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता.

“ड्युटीवर नाहीस का गं?”

“नाही, बटाटे काढतेय. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. मग कामावरून येईपर्यंत अंधार पडतो. जे करायचं ते आत्ताच.”

तिला मी चांगली ओळखते. तिकडच्या पहिल्याच हिवाळ्यात तिची तब्येत ढासळली होती. रात्रपाळी, दिवसा झोप, बाहेर काळोख. हातपाय दुखायचे, जिना चढताना मांड्या भरून यायच्या, कारण नसताना रडू यायचे. तपासणीत ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी निघाले. गोळ्या सुरू झाल्या. सोबत काम करणाऱ्या एका बाईने तिला सांगितले, “नगरपालिकेकडे जमिनीसाठी नाव नोंदव.” दोन वर्षांहून जास्त थांबल्यावर तिला तुकडा मिळाला. गोळी ती आजही घेते. बागेने औषध सुटले नाही, पण घराबाहेर पडायला कारण मिळाले.

या जमिनीच्या तुकड्याला तिथे ‘ॲलॉटमेंट’ म्हणतात. पानगळीच्या दिवसांत तिथली माणसे काय काम करतात, हे या वेळी पाहू. त्यात आपल्या आरोग्यासाठीही बरेच शिकण्यासारखे आहे.

ही जमीन आली कुठून?

इंग्लंडमध्ये पूर्वी गावोगावी सामाईक जमिनी होत्या. गरीब माणूस तिथे गाय चारायचा, सरपण गोळा करायचा. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात कायदे करून या जमिनींना कुंपणे घातली गेली आणि त्या मोठ्या जमीनदारांकडे गेल्या. मजुराच्या हाती काही उरले नाही. ओरड वाढली तेव्हा 1845 च्या कायद्यात भूमिहीनांच्या भाजीबागांसाठी थोडी जमीन राखण्याची तरतूद आली. पुढे 1908 च्या कायद्याने मागणी असेल तिथे अशी जमीन पुरवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. या कायद्यात एक कलम आहे. सहा मतदारांनी किंवा सहा करदात्यांनी मिळून लेखी मागणी केली, तर संस्थेला तिचा विचार करावाच लागतो. 1925 च्या कायद्याने अशी खास राखलेली जमीन मंत्र्याच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही असे ठरवले.

एका तुकड्याचे जुने माप दहा रॉड, म्हणजे सुमारे अडीचशे चौरस मीटर. आपल्या हिशेबात बरोबर अडीच गुंठे. आता मागणी इतकी आहे की अनेक ठिकाणी त्याचेही अर्धे करून देतात. वर्षाचे भाडे भरायचे आणि भाजी मुख्यतः घरच्यासाठी पिकवायची. जमीन पडीक ठेवली तर नोटीस येते आणि तुकडा दुसऱ्याला जातो. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारे अन्न तुटले, तेव्हा सरकारनेच लोकांना भाजी पिकवायला सांगितले. उद्यानांतसुद्धा वाफे पडले होते.

सप्टेंबर : काढणी आणि साठवण

पानगळीचे पहिले काम साठवणीचे. बटाटे कोरड्या दिवशी काढतात, काही तास उघड्यावर सुकू देतात आणि कागदी किंवा गोणपाटाच्या पिशवीत अंधारात ठेवतात. प्लॅस्टिकची पिशवी वापरत नाहीत, कारण पाणी सुटून बटाटा सडतो. फावडे लागलेला बटाटा वेगळा काढून आधी खातात. एक सडका बटाटा पूर्ण पिशवी घालवतो.

अंधारच का? उजेड लागला की बटाटा हिरवा होतो आणि त्याबरोबर त्यात सोलॅनिन नावाचे विष वाढते. ते शिजवूनही जात नाही. उलट्या, जुलाब, पोटदुखी होते. हा नियम आपल्या घरालाही लागू आहे. हिरवट पडलेला किंवा कडू लागणारा बटाटा मुलांच्या ताटात जाऊ देऊ नका.

कांद्याची पात वाळली की त्याच्या वेण्या बांधून वारा लागेल अशा जागी टांगतात. लाल भोपळा देठासकट कापतात आणि उन्हात ठेवून साल कडक होऊ देतात. असा भोपळा काही महिने टिकतो. पुढच्या वर्षासाठी भोपळ्याचे बी मात्र जपून धरावे लागते. शेजारच्या शोभेच्या भोपळ्याचा पराग लागला, तर त्या बियांची फळे कडू आणि विषारी निघू शकतात. आपल्याकडे कडू दुधीचा रस पिऊन माणसे अत्यवस्थ झाली आहेत. भोपळा, दुधी, काकडी, यातले काहीही कडू लागले की थुंकून टाका. मीठ-साखर घालून संपवू नका.

वेलावर वाळलेल्या शेंगांचे दाणे बरणीत भरतात. राजम्याच्या जातीचे हे दाणे कच्चे किंवा अर्धवट शिजलेले राहिले तर जोराच्या उलट्या होतात. ते रात्रभर भिजवायचे, ते पाणी फेकायचे, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळायचे आणि मग मऊ होईपर्यंत शिजवायचे. आपला कुकर हे काम चोख करतो.

थंडीमुळे न पिकलेले हिरवे टोमॅटो केळ्याबरोबर खोक्यात ठेवले की पिकतात. उरलेल्यांची व्हिनेगर आणि साखर घालून आटवलेली ‘चटणी’ बरण्यांत भरतात. हा शब्द त्यांनी आपल्याकडूनच नेला.

ऑक्टोबर : जमिनीची सोय

काढणी संपली की आपल्याला वाटेल, आता सुट्टी. पण खरे काम इथून पुढे असते. घेवड्याचे वेल कापतात, मुळ्या मात्र जमिनीतच ठेवतात. त्यांच्या गाठींत नत्र असते आणि मुळ्या कुजल्यावर ते मातीला मिळते. निरोगी पाला कंपोस्टच्या ढिगात जातो. रोगट पाला वेगळा काढतात. झाडांची गळलेली पाने जाळीच्या कुंपणात दाबून भरतात. एक-दोन वर्षांत त्यांची काळी, भुसभुशीत माती होते.

रिकामा वाफा उघडा ठेवत नाहीत. पावसाने त्यातला कस वाहून जातो. कुणी शेणखत किंवा घोड्याच्या लिदीचे खत पसरतात, कुणी पुठ्ठ्याने झाकतात, कुणी हिरवळीच्या खताचे बी पेरतात.

याच दिवसांत लसूण लावतात. पाकळ्या नीट सुटण्यासाठी लसणाला थंडीचे काही आठवडे लागतात. उन्हाळ्यात काढायचा लसूण म्हणून आत्ताच मातीत जातो. माझी मैत्रीण म्हणते, “लसूण लावला की मला वाटतं, हा हिवाळा मी काढणार.”

लेस्टर, बर्मिंगहॅम अशा शहरांत भारतीय वंशाची कितीतरी कुटुंबे या तुकड्यांवर मेथी, कोथिंबीर पिकवतात. मैत्रीण ऑक्टोबरमध्ये प्लॅस्टिकच्या छपराखाली मेथीचा शेवटचा वाफा टाकते.

नोव्हेंबर : थंडीतले अन्न

नोव्हेंबरमध्ये बाकल्याचे बी पेरतात. कोबीवर्गातल्या भाज्यांना कबुतरांपासून वाचवायला जाळी लावतात. गोठून नळ फुटू नयेत म्हणून बऱ्याच ठिकाणी पाणी बंद करतात. त्याआधी पिंपांत पावसाचे पाणी धरून ठेवतात. 5 नोव्हेंबरला तिथे शेकोट्यांचा सण असतो. काटक्यांचा ढीग पेटवण्याआधी तो उपसून पाहतात, कारण थंडीत निजायला साळिंदरासारखा काटेरी छोटा प्राणी त्यात शिरलेला असतो.

सगळे पीक काढून घेत नाहीत. पांढऱ्या गाजरासारखा पार्सनिप आणि लिंबाएवढे छोटे कोबी मुद्दाम शेतात राहू देतात. कडाक्याची थंडी पडली की त्यांच्यात साखर वाढते आणि ते गोड लागतात. बाजारात भाजी महाग होते, तेव्हाही घरात हिरवी भाजी येते.

या कामातून शरीराला काय मिळते?

खणणे, वाकणे, ढकलगाडी ओढणे यांतून स्नायू आणि हाडांना काम मिळते. ताज्या भाजीतून चोथा मिळतो. त्याने पोट साफ राहते आणि मधुमेह असलेल्यांची साखर आवरायला मदत होते. आणखी एक गोष्ट तपासणीच्या कागदावर दिसत नाही. शेजारच्या वाफ्यावरचे आजोबा तिला हाक मारतात, ती त्यांना मेथी देते, ते तिला कांदे देतात. आठवडाभर कुणाशी न बोलणारी कितीतरी एकटी माणसे तिथे दोन शब्द बोलतात.

‘ड’ जीवनसत्त्वाचे मात्र नीट समजून घ्या. ब्रिटनमध्ये साधारण ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतचे ऊन इतके तिरपे असते की त्याने त्वचेत हे जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, दिवसभर बागेत राबले तरीही. म्हणून तिथली आरोग्यसेवा या काळात रोज 10 मायक्रोग्रॅमच्या पूरक मात्रेचा विचार करायला सांगते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी तो वर्षभर करावा, असा सल्ला आहे. तुमचा मुलगा, सून, भाची तिकडे असेल तर त्यांना हे जरूर कळवा.

मातीत हात घालण्याआधी

वॉर्डात असताना मी धनुर्वाताचा एक रुग्ण पाहिला. मातीत काम करताना पायाला खिळा लागला होता. जखम एवढीशी, म्हणून कुणी लक्ष दिले नाही. काही दिवसांनी जबडा बसला. खोलीत अंधार करून आम्ही त्याच्याभोवती पावले न वाजवता फिरत होतो, कारण जरा आवाज झाला तरी त्याचे अंग धनुष्यासारखे ताठ व्हायचे. तो दिवस मी विसरले नाही. लेस्टरची माती असो की आपल्या नाल्याकाठची, धनुर्वाताचे जंतू दोन्हीकडे असतात. म्हणून :

1. माती, शेण किंवा गंजलेले पत्रे हाताळताना हातमोजे आणि बंद पादत्राणे घाला.

2. जखम झाली तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. हळद, राख, माती लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली ते सांगा. मुलांची दहा आणि सोळा वर्षांची लस चुकवू नका.

3. खताची पिशवी तोंडाजवळ धरून फाडू नका. खताची धूळ छातीत गेली तर क्वचित न्यूमोनिया होतो.

4. खताच्या ढिगात उंदीर येतात. त्यांच्या लघवीतून लेप्टो होतो. कामानंतर ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे किंवा कावीळ दिसली, तर “मी मातीत काम केले होते” हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

5. कमरेतून वाकून ओझे उचलू नका. गुडघे वाकवा आणि ओझे अंगाजवळ धरा.

परवा तिने फोटो पाठवला. वाफे पुठ्ठ्याने झाकलेले, अवजारे पुसून तेल लावलेली, कोपऱ्यात लसणाच्या रांगेची खूण म्हणून एक काठी. वर दिसण्यासारखे काहीच नव्हते. मी विचारले, “आता काय काम उरलं?” ती म्हणाली, “काही नाही. आता जमिनीला झोपू द्यायचं.”

मजुरांच्या कुटुंबांना ही जमीन दयेने मिळाली नाही. लोकांनी ती मागितली, कायद्यात लिहून घेतली आणि आजही दरवर्षी कसून ती हातात ठेवतात. आरोग्याचेही असेच आहे. दुखणे दारात येण्याआधी तयारी करावी लागते. आज रात्री एवढे करा : घरातल्या प्रत्येकाची धनुर्वाताची लस कधी झाली ते आठवून कागदावर लिहा. ज्याचे आठवत नाही, त्याला घेऊन या आठवड्यात दवाखान्यात जा.