आयडर नदी : भूगोलाचा एक पाठ

नकाशात मोठ्या नद्या सहज दृष्टीस पडतात. लहान नद्या मात्र शोधाव्या लागतात. तथापि नदीचा स्वभाव आणि मनुष्याचा उद्योग यांचा परस्परसंबंध जाणावयाचा असेल, तर लहान नदीच पुष्कळदा अधिक शिकवून जाते. म्हणून आज आपण उत्तर जर्मनीतील आयडर नदीचा परिचय करून घेऊ.

जर्मनीच्या अगदी उत्तरेस श्लेस्विग-होल्स्टाइन हे राज्य आहे. त्याच्या पूर्वेस बाल्टिक समुद्र व पश्चिमेस उत्तर समुद्र पसरला आहे. आयडरचा उगम कील शहराच्या दक्षिणेस होतो. कीलजवळ ती बाल्टिकच्या खाडीपासून अवघ्या काही किलोमीटरांवर येते. परंतु त्या समुद्रास न मिळता पश्चिमेकडे वळते. तिच्या मार्गाची लांबी सुमारे 188 किलोमीटर असून ती अखेर टोनिंग गावाजवळ उत्तर समुद्रास मिळते. असे का व्हावे? हिमयुगात बर्फाने वाहून आणलेल्या मातीदगडांच्या टेकड्या, म्हणजे हिमोढ, पूर्वेस आडवे पडले आहेत. त्यामुळे जवळचा समुद्र दूर झाला आणि दूरचा समुद्र हेच नदीचे गंतव्यस्थान ठरले.

पश्चिमेकडील प्रदेश अत्यंत सखल असल्याने नदी तेथे संथपणे, नागमोडी वळणे घेत वाहते. पूर्वी समुद्राची भरती पात्रातून रेंड्सबुर्ग गावापर्यंत आत शिरत असे, आणि ओहोटीचे पाणी परत जाताना गाळ आपल्याबरोबर नेत असे. पात्र स्वच्छ राखण्याची ही निसर्गाची व्यवस्था होय.

या व्यवस्थेत मनुष्याने हात घातला. इ. स. 1784 मध्ये कीलची खाडी आणि आयडर यांना जोडणारा कालवा खुला झाला व डेन्मार्कला वळसा न घालता गलबते एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जाऊ लागली. 1895 मध्ये त्याहून कितीतरी मोठा कील कालवा तयार झाला. त्याने नदीचा प्रवाह मध्येच तोडला. वरच्या भागाचे पाणी आता त्या कालव्यात जाते. पुढे वादळी भरतीपासून सखल शेतांचे रक्षण व्हावे म्हणून 1936 मध्ये नोर्डफेल्ड येथे बंधारा घालण्यात आला. शेते सुरक्षित झाली खरी. पण आत जाणारी भरती अडली, तशी ओहोटीची शक्तीही क्षीण झाली. भरतीबरोबर येणारा गाळ बंधाऱ्याखाली साचू लागला आणि पात्र उथळ झाले.

फेब्रुवारी 1962 मध्ये उत्तर समुद्रावर भीषण वादळ झाले. एकट्या हँबुर्ग शहरात 300 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या आपत्तीनंतर आयडरच्या मुखावरच सुमारे 5 किलोमीटर लांबीचा बांध घालण्याचे ठरले व 1973 मध्ये तो पुरा झाला. त्याला प्रत्येकी 40 मीटर रुंदीचे पाच मार्ग आहेत. एरवी त्यांचे दरवाजे उघडे ठेवून भरती-ओहोटीस वाट देतात. वादळाच्या वेळी ते बंद करतात.

पहिल्या बंधाऱ्याने पाणी कायमचे अडविले, दुसऱ्याने प्रसंगापुरतेच. या भेदातच आम्हांस या पाठाचे सार दिसते. नदी उगमापासून मुखापर्यंत एकच असते. तिच्या एका ठिकाणी केलेला बदल दुसऱ्या ठिकाणी प्रकट होतो. तिच्यापासून रक्षण तर केलेच पाहिजे, पण तिचे काम तिला करू देऊन.