ओढ हाडावर यावी

नाशिकची 'रॅली ऑफ महाराष्ट्र' बघून आलास आणि आता तूही जुनी गाडी ऑटोक्रॉसला काढणार म्हणे. काढ की! फक्त पट्टे बसवायच्या आधी भोंगवलीला एक चक्कर मार. रविवारी हा तुझा मामा घरीच असतो. नाहीच जमलं, तर निदान हे ऐक.

बैल जुंपताना जू खांद्यावर नीट बसलंय ना, हे बघतात. जोतं गळ्याला काचलं की बैल गुदमरतो. माणसाचंही तेच. हार्नेसचा, म्हणजे शर्यतीच्या पट्ट्यांचा, कंबरपट्टा खाली, ओटीपोटाच्या हाडांवर बसव. पोटावर चढला, तर धडकेत आतड्यांची गत विचारू नकोस. आधी कंबरपट्टा आवळ, मग खांद्याचे. उलटं केलंस तर खांद्याचे पट्टे त्याला वर खेचतात. मांड्यांमधून येणारा पट्टा त्याला खाली धरून ठेवायलाच असतो. म्हणून चार टोकांचा स्वस्त माल घेऊ नकोस, सहा टोकांचा घे.

खांद्याचे पट्टे मागे जवळजवळ आडवे जावेत. गाडीच्या तळाकडे उतरले, की धडकेत मणक्यावर दाब येतो.

आता बोल्ट. तरुणपणी मी नुसता वॉशर घालून पत्र्यात बोल्ट आवळला होता. दोन्ही हातांनी हिसका दिला, तर पत्रा पुरीसारखा फुगला! मोटारशर्यतींच्या जागतिक संस्थेच्या, एफआयएच्या, नियमात पत्र्यामागे किमान 3 मिलिमीटर जाड, 40 चौरस सेंटिमीटरचा पोलादी तुकडा सांगितलाय, आणि बोल्ट 12 मिलिमीटरचा, 8.8 ग्रेडचा. ओढ बोल्टवर आडवी यावी, त्याला सरळ उपटणारी नको. सीटला तर पट्टा बांधूच नकोस.

रोल केज, म्हणजे आतला नळ्यांचा पिंजरा, नसेल तर हार्नेसही नको. गाडी उलटून टप दबला, तर कंपनीच्या पट्ट्यात माणूस थोडा तरी कलतो. हार्नेस त्याला ताठ धरून ठेवतो.

हेल्मेट मोटारसायकलचं चालवून घेऊ नकोस. गाडीत डोकं केजच्या नळीवर एकाच जागी पुन्हा पुन्हा आपटतं, शिवाय आगीची भीती. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेचा 'एसए' शिक्का बघ. घातल्यावर हेल्मेट हलवलं, की गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. हनुवटीचा पट्टा लावून मागून वर ढकल. निघालं, तर दुकानातच ठेव. एकदा जोरात आपटलं, की आतला थर्माकोल दबतो तो दबतोच. वरून चकचकीत दिसलं म्हणून फसू नकोस, आणि वापरलेलं तर कुणाचंच घेऊ नकोस.

धड पट्ट्यात जखडलेलं असतं, डोकं मात्र हेल्मेटच्या वजनासकट पुढे झेपावतं. 2001 साली डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट हा ड्रायव्हर गेला, तो कवटीच्या तळाचं हाड मोडून. फॉर्म्युला वननं 2003 पासून मान सांभाळणारं हान्स नावाचं उपकरण सक्तीचं केलं. महाग आहे. नव्या चाकांसाठी ठेवलेले पैसे त्यात घाल.

पट्टा ऑइलपासून, बॅटरीच्या ॲसिडपासून जप, उन्हात वाळत टाकू नकोस. लेबलावरची मुदत संपली, की इकडे घेऊन ये. वासराला दावं लागतंच आहे.