गाभण कुत्रीची निगा

गांवांतील कुत्र्यांचा ऋतुकाल बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस, म्हणजे भाद्रपदाच्या सुमारास येतो. कुत्री सुमारें ६३ दिवस गाभण असते. हा हिशेब केला म्हणजे तिचीं पिलें कार्तिक-मार्गशीर्षांत जन्मतात हें सहज ध्यानांत येईल. मेहकर तालुक्यांतील आमच्या जानेफळासारख्या गांवीं ह्याच दिवसांत पहांटे हुडहुडी भरते, आणि घरचीं मोठीं माणसें कापूस वेचण्यांत गुंतलेलीं असतात. अशा वेळीं ओसरीच्या कोपऱ्यांत किंवा कडब्याच्या गंजीआड हीं आंधळीं पिलें जगांत येतात. त्यांपैकीं पुष्कळांचा बळी थंडी घेते. आणि कांहींचा, लिहितांना वाईट वाटतें, मुलांची अजाण माया घेते.

पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवलेल्या नामदेवांची कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. ती दया अंगीं असावीच. परंतु तिला माहितीची जोड नसेल, तर मुक्या जिवाला तीच जाचक होते. तयारी आधीं करावी, वेळ आली कीं दूर रहावें, आणि अडचण दिसतांच विलंब न लावतां मदत आणावी, हीं तीन सूत्रें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावीं.

प्रथम तयारी. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत कुत्रीची भूक वाढते, पण पोटांत जागा थोडी उरते. म्हणून दिवसांतून तीन-चार वेळां थोडें थोडें खावयास द्यावें. वरणांत कुस्करलेली ज्वारीची भाकरी व उकडलेलें अंडें चालेल. मात्र कांदा घातलेलें कालवण देऊं नये, कारण कांद्यानें कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नाश पावतात. स्वच्छ पाणी नेहमीं जवळ असावें. कॅल्शियमचें औषध आपल्या मनानें मुळींच देऊं नये. तें गाभणपणीं दिल्यास हाडांतील कॅल्शियम गरजेप्रमाणें रक्तांत आणण्याची शरीराची संवय मंदावते, आणि पुढें दूध पाजतांना कुत्री संकटांत सांपडते. व्यावयास आठ-दहा दिवस असतांनाच वारा न लागणाऱ्या निवांत जागीं एक रुंद खोकें ठेवावें. त्याची एक बाजू आईला ओलांडतां येईल, पण पिलांना येणार नाहीं, इतकी उंच असावी. आंत गोणपाट व त्यावर धुतलेलें जुनें लुगडें अंथरावें.

वेळ जवळ आल्याचीं चिन्हें स्पष्ट असतात. कुत्री अन्न सोडते, धापा टाकते, जमीन उकरते, पुनः पुनः जागा बदलते. निरोगी कुत्रीच्या अंगाची उष्णता सुमारें १०१ ते १०२॥ अंश फॅरनहाइट असते; ती १०० च्या खालीं उतरली कीं बहुधा २४ तासांच्या आंत पिलें होतात. ह्या वेळीं भोंवतीं गर्दी केल्यास ती घाबरते आणि वेणा थांबतात. तिच्या ओळखीच्या एकाच माणसानें थोड्या अंतरावर शांत बसावें. अर्ध्या-एक तासाच्या अंतरानें एकेक पिलूं येतें. आई स्वतःच त्यावरील पडदा फाडते, नाळ तोडते व त्याला चाटून कोरडें करते. तिनें जार खाल्ला तर किळस मानूं नये. पडदा तिच्याकडून फाटलाच नाहीं, तरच स्वच्छ फडक्यानें तो पिलाच्या तोंडावरून झटकन काढावा आणि पिलूं हलकेंच चोळावें.

पुढील लक्षणें मात्र धोक्याचीं आहेत: अर्धा तास जोरानें कळा देऊनही पिलूं न येणें, पोटांत पिलें असतांना दोन तास खंड पडणें, किंवा पहिल्या पिलाआधींच हिरवट स्राव होणें. तेव्हां घरगुती उपाय करीत बसूं नये, पिलूं हातानें ओढूं नये. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठीं १९६२ हा दूरध्वनि क्रमांक आहे.

पिलांचे डोळे दहा ते चौदा दिवसांनीं उघडतात. तोंपर्यंत स्वतःची ऊब राखणें त्यांना साधत नाहीं; आईची कूस हीच त्यांची शेगडी होय. पहिल्या दिवसाच्या चिकांतून त्यांना रोगांशीं झगडण्याची शक्ति मिळते. म्हणून खेळावयास पिलूं उचलून नेणें म्हणजे त्याची ऊब व अन्न दोन्ही हिरावून घेणें होय. शिवाय व्यालेली कुत्री पिलांसाठीं चावते. चावलीच, तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस टोंचून घ्यावी. व्यालेल्या कुत्रीला शिरा करून घालण्याची मुलांना हौस असते. तो घांसभरच द्यावा, तिचें पोट भरावें तें रोजच्या सकस अन्नानें. दोन-तीन आठवड्यांनीं ती थरथरूं लागली किंवा तिचे पाय ताठरले, तर रक्तांतील कॅल्शियम घटलें असें समजून तिला त्याच घटकेस वैद्याकडे न्यावें.

प्राणिमात्रांविषयीं दया बाळगणें हें प्रत्येक नागरिकाचें कर्तव्य आहे, असें आपल्या राज्यघटनेंत १९७६ च्या दुरुस्तीनें नमूद झालें. हें कर्तव्य बजावण्यास फार द्रव्य लागत नाहीं. एक गोणपाट, पाण्याचें एक भांडें आणि हात आवरून दूर बसण्याइतका धीर, एवढें यंदाच्या कार्तिकांत प्रत्येक घरीं असावें, अशी आमची पालकांस व विद्यार्थ्यांस विनंति आहे.